थंडीत कोंबड्या कशा सांभाळता? अनुभव लिहा

गेल्या जानेवारीत आठ दिवसांत माझ्या चार कोंबड्या गेल्या. नाशिकजवळ मखमलाबादला मळ्यात घर, मागे पत्र्याचं खुराडं, अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. पारा सात-आठवर आला तसं मी खुराडं ताडपत्रीने चारी बाजूंनी आवळून बांधलं, आतून बारदानं लावली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गुदमरतील त्या." मी म्हटलं, तुमच्या वेळची गोष्ट वेगळी. सकाळी ताडपत्री सोडली की आतून वाफेचा लोट यायचा, डोळे चुरचुरायचे, पत्र्याला आतून थेंब लटकलेले. मला वाटायचं, वा, काय ऊब आहे! मग एकेक कोंबडी तोंड उघडून घरघरायला लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. म्हणाले, थंडीने नाही मेल्या ताई, ओलीने आणि विष्ठेच्या अमोनियाने मेल्या.

आता दिवाळी उलटली, पहाटे गोदेकाठी धुकं दिसायला लागलंय. उरलेल्या कोंबड्यांत सहा नवीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आल्यात. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. चुकलेलं आधी.

निफाडहून, द्राक्षवाला

ताई, आमच्याकडची थंडी तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा रोज पेपरात येतो, तोच आमचा. २०१८ च्या डिसेंबरात पारा २ अंशांच्या आसपास गेला, तेव्हा गवतावर मीठ सांडल्यासारखं दव गोठलं होतं. मणी तडकू नयेत म्हणून आम्ही रात्रभर बागेत शेकोट्या केल्या, पहाटे ठिबक सोडलं. बागेच्या नादात कोंबड्यांकडे बघायलाच वेळ नाही. कोंबड्या आंब्यावर बसायच्या, त्यांना काहीही झालं नाही. कोंबडा मात्र ठिबकच्या गळक्या जोडाशी पाणी पीत उभा राहायचा, तुरा भिजायचा, वर वारं. चार दिवसांत तुऱ्याची टोकं काळी पडली आणि पुढे सुकून गळाली. अजून आहे तो, तुरा बोथट करवतीसारखा दिसतो.

अजून एक. शेकोटी वाऱ्याच्या बाजूला पेटवली तर सगळा धूर खुराड्यात. आम्ही केलंय ते. कोंबडीचं फुप्फुस नाजूक, धूर सोसत नाही. द्राक्षाचं मी सांगू शकतो, कोंबडीचं बायको सांगते. हे तिनेच सांगितलंय.

लासलगावजवळून

आमची कांदा चाळ नोव्हेंबरात रिकामी होते. उन्हाळ कांदा विकून झाला की चाळ नुसती उभी. मग चाळीस गावठी कोंबड्या तिथेच हलवल्या. चाळीची बांधणीच हवा खेळती राहण्यासाठी, म्हणजे कुबट वासाचा प्रश्न नाही. पण कांद्याला जे वारं लागतं तेच कोंबडीच्या पोटाखालून घुसलं. पहिल्या रात्री सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या, खालची एक दबून मेली.

दुसऱ्या दिवशी खालच्या फटींवर कमरेइतक्या उंचीपर्यंत कांद्याच्या गोण्या उसवून ठोकल्या, वरच्या फटी तशाच ठेवल्या. तळाला पाच इंच भाताचं तूस. तूस घोटीच्या राईस मिलमधून आणलं, टेम्पोचं भाडं तुसापेक्षा जास्त झालं! आता खरं काम इथून पुढे: तूस रोज दाताळ्याने हलवायचं. पाण्याच्या भांड्याखालचं ओलं तूस त्याच दिवशी उचलून बाहेर टाकायचं. थोडं तूस मुठीत घेऊन दाबून बघतो. गोळा झाला की ओल जास्त, लगेच कोरडं घालायचं. मूठ उघडल्यावर सुटलं पाहिजे. महिन्याने हेच तूस आतून कुजायला लागतं आणि कोमट होतं, हात घातला की कळतं. उन्हाळ्यात ते सगळं डाळिंबाला खत म्हणून गेलं.

खुराड्यात बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवा आणि अंगाच्या पातळीला आडोसा, एवढंच मी शिकलो. बाकी सगळं तूस हलवण्यात आहे. पोरांना सांगितलं तर पोरं मोबाईलवर.

सुरगाण्याकडून

आमच्यात कोंबडी रात्री घरातच. चुलीजवळ डालगं (कोंबड्या झाकायची टोपली), खाली राख. राखेत दिवसा लोळून घेतात, अंगावरच्या उवाही जातात. थंडीचं वेगळं असं काही करत नाही.

सिडको, रो-हाऊस

माझ्या आठ कोंबड्या गच्चीवर. कोंबडा ठेवत नाही, शेजारच्या काकांनी एकदा पहाटे साडेचारला फोन करून मलाच आरवून दाखवलं होतं.

डिसेंबरात अंडी आठावरून दोनवर आली. मी थंडीला दोष देत बाजरी, मका, गुळाचं पाणी असं सगळं करून पाहिलं. खरी गोष्ट उजेडाची निघाली. अंडं घालायला कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि आपल्याकडे डिसेंबरातला दिवस अकरा तासांचा. शिवाय पिसं झडायचा काळ असेल तर खाल्लेलं प्रथिन नवीन पिसांतच जातं. पहाटे टायमरवर दिवा लावला. संध्याकाळी नाही, कारण दिवा एकदम विझला की त्यांना अंधारात बसायची दांडी सापडत नाही, धडपडतात. तीन आठवड्यांनी पाच-सहा अंडी यायला लागली. दोन कोंबड्यांना मी मुद्दाम सुट्टी देते. वय झालंय त्यांचं.

पिल्लांच्या वेळी फजिती झाली ती वेगळी. रवण (अंडी उबवणारी कोंबडी) बसवली नाही, पिल्लं विकत आणली आणि खोक्यावर नऊ वॅटचा एलईडी टांगला. भक्क उजेड. पिल्लं मात्र एकमेकांत घुसून चिवचिव करत बसलेली. नवऱ्याने बल्बला हात लावून पाहिला, जेमतेम कोमट! एलईडीला पिल्लांपुरती ऊब नसते हे डोक्यातच आलं नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब मेन रोडला तिसऱ्या दुकानात मिळाला. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच खरं सांगतात: दिव्याखाली गठ्ठा झाला तर थंडी, दिव्यापासून पळाली तर गरम, खोकाभर पसरून झोपली की बरोबर.

पंचवटीची, सध्या मिनेसोटात

तुमचे सात अंश वाचून हसू आलं आणि थोडं रडूही. इथे उणे पंचवीस होतं. बर्फात कोंबडी पाय टाकायलाच तयार नसते, दारात उभी राहून माझ्याकडे बघते. दारापासून पेंढ्याची वाट पसरली की त्या वाटेवरून निमूट बाहेर येतात.

मी बाळंतिणीची खोली करून ठेवली होती त्यांच्यासाठी, हीट लॅम्पसकट. शेजारच्या आजोबांनी येऊन तो काढायला लावला. पेंढा, धूळ आणि तापलेला दिवा, इथे दर हिवाळ्याला अशी खुराडी जळतात. पिसं कोरडी असतील तर मोठी कोंबडी स्वतःची ऊब धरून ठेवते, तिचं अंगच ४१ अंशांचं. फक्त बसायला गोल काठी नको, चार इंच रुंद सपाट फळी. तिच्यावर बसली की बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. छताजवळची झडप उणे पंचवीसलाही उघडी, नाहीतर श्वासाची वाफ तुऱ्यावर गोठते.

मोठ्या तुऱ्याच्या जाती इथे टिकायला अवघड. माझ्याकडे शांतेक्लेर आहेत, कॅनडातली जात, तुरा जेमतेम हरभऱ्याएवढा. पाणी मात्र दिवसातून तीनदा बदलते किंवा गरम राहणाऱ्या तळाच्या भांड्यात ठेवते. अंडी उचलायला उशीर झाला की गोठून तडकतात. झोपायच्या आधी मूठभर मका. रात्रभर पचत राहतो, तेवढीच शेगडी. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, हे तर मी तुला लहानपणी दाखवलं होतं.

नांदूर मध्यमेश्वरच्या काठावरून

सगळे थंडीचं बोलताय म्हणून एक वेगळं. हिवाळ्यात आमच्याकडे लांबून बदकं येतात. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, २०२० मध्ये जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं ठिकाण, गर्दी असते बघायला. आम्ही मात्र त्या दिवसांत कोंबड्या पाण्याकडे सोडत नाही, खाणं छताखालीच ठेवतो. रानबदकांकडून बर्ड फ्लू येऊ शकतो. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आमच्या वडिलांनी जवळून पाहिलंय, त्यानंतर ते अंडंच खायचे नाहीत वर्षभर. एकदम तीन-चार पक्षी मेले तर हात लावू नका, पुरू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मखमलाबादहून, धागा काढणारी

सगळं वाचून काल खुराडं उघडून बसले. ताडपत्री छतापासून वीतभर खाली कापली. गोल बांबू काढला आणि जुन्या पलंगाची फळी ठोकली. सहा तलंगा फळीवर चढल्या, जुन्या मात्र जमिनीवर उभ्या राहून तिकडे बघत राहिल्या, शेवटी अंधारात मीच एकेकीला उचलून ठेवली. पहाटे पाचला टॉर्च घेऊन गेले. पत्र्याला हात लावला, कोरडा होता. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "कापलीस ना? आता चहा टाक."

लासलगावकर, घोटीच्या मिलमध्ये एकच पोतं देतात का हो? की अख्खा टेम्पोच घ्यावा लागतो?