आत्याकडे विमानाने: अंतर आणि वेळ

बाबा: आत्याकडे जायला यावेळी विमान बघूया. नेटवर बघितलं, दोन्ही एअरपोर्टमधलं अंतर ३०० किमी, वेळ ५० मिनिटं. गाडीने सहा तास मोडतात

मावशी: मला तर १६२ दाखवतंय, दाजींना ३०० कसं काय

ताई: मावशी ते नॉटिकल मैल आहेत, एक म्हणजे १.८५२ किमी, १६२ चे बरोबर ३०० होतात. पण बाबा हे नुसतं हवेतलं सरळ अंतर, दोन एअरपोर्टचे अक्षांश रेखांश घेऊन काढलेलं, त्या मार्गावर खरंच विमान आहे का ते या साइट बघतच नाहीत

मामा: आणि दाजी ती ५० मिनिटं बहुतेक मोठ्या जेटचा ताशी ८०० चा स्पीड धरून आहेत, वर अर्धा तास चढउताराचा. छोट्या एअरपोर्टवर रनवे आखूड असतो म्हणून तिथे जास्त करून एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानं येतात, त्यांचा स्पीड ताशी ५०० च्या आसपास आणि तोही वर गेल्यावर, १०,००० फुटांच्या खाली तर बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी साधारण ४६० किमीची मर्यादा असते. शिवाय उडताना उतरताना तोंड वाऱ्याकडे लागतं, म्हणजे जायचंय पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा असला तर आधी उलटं उडून मग वळायचं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते ती पलीकडे जागेवर थांबेपर्यंत, त्यामुळे ३०० किमीला तास सव्वातास धरा

दादा: डायरेक्ट नाहीच आहे पण. तिकिटाच्या साइटवर टाकलं, मोठ्या एअरपोर्टला जाऊन बदलायचं, पहिलं ५५ मिनिटं, मग तीन तास बसायचं, दुसरं १ तास ५, म्हणजे पाच तास झाले, आणि रोज पण नाही

आई: बदलायचं म्हणजे सामान परत आपणच उचलायचं का

मामा: एकाच तिकिटावर असेल तर बहुतेक ठिकाणी बॅग पुढे जाते, पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर कंपनी पुढच्यात बसवते. वेगवेगळी तिकिटं काढली की सगळं आपल्या गळ्यात, थोडी स्वस्त पडली तरी तसं काढू नका. अजून एक, बऱ्याच छोट्या एअरपोर्टवर धुक्यात उतरायची यंत्रणा नसते, रनवे डोळ्याला दिसला तरच उतरतात, म्हणून हिवाळ्यात सकाळची फ्लाइट लटकते. आणि तेच एक विमान दिवसभर चार गावं फिरतं ना, सकाळचा अर्धा तास उशीर संध्याकाळपर्यंत दीड तास होतो, त्यामुळे शेवटच्या फ्लाइटच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत

ताई: आणि हा फक्त विमानाचा हिशोब. घरून एअरपोर्ट अर्धा तास, तिथे दीड तास आधी पोचायचं, उतरल्यावर बॅग घेऊन आत्याचं घर पाऊण तास. दारातून दारात पावणेआठ तास

बाबा: आणि गाडीने सहा

आई: सहा तास सलग बसणं मला जमत नाही, गुडघे धरतात. दर दीड तासाला थांबायचं

दादा: थांबत गेलो तरी सात. डायरेक्ट सुरू झालं तर बघू परत, तेव्हा पावणेचार ते चार तासात होईल, ते मात्र फायद्याचं

बाबा: ठरलं, गाडीच. पहाटे साडेपाचला निघू