कोलोनचा डोम (जर्मनीतलं कॅथेड्रल): मनोरा चढलेल्यांनो, इकडे या

चकली_भाजणी: ग्रुपवर कोणीतरी डोमचा फोटो टाकला आणि सगळ्यात आधी गुडघ्यांना आठवण झाली. दक्षिण मनोरा, 533 पायऱ्या, लिफ्ट नाही. दार आत शोधू नका, बाहेरून आहे. वाट आधी इमारतीच्या पायाच्या दगडांमधून जाते, मग गोल जिना. पुढचं तुम्ही लिहा.

राईनकाठ: चढणारे-उतरणारे एकाच जिन्यावर. पायरी आतल्या खांबाकडे निमुळती होते, तिथे अर्धंच पाऊल मावतं. शक्यतो भिंतीकडून चाला. समोरून कोणी आलं की एकाने भिंतीला चिकटायचं. जोडीने गप्पा मारत चढायचं विसरा.

मीठभाकर: आणि सॅक! पाठीवर असली की वळणावर मागच्याच्या तोंडावर. स्टेशन डोमला खेटूनच आहे, लॉकरमध्ये टाकून या.

राईनकाठ: +१. एकाच दिशेने फिरत राहिल्याने गरगरतं, म्हणून घंटाघरात थांबाच. तिथली मोठी घंटा म्हणजे डिकर पिटर, 24 टन, 1923 ला ओतलेली. ती मोठ्या सणांनाच वाजते. 6 जानेवारी 2011 ला वाजता वाजता लोलकच तुटून पडला होता.

उंटावरचा: बापरे, खाली कोणी नव्हतं ना 😳

राईनकाठ: नाही हो.

दगडफोड्या: घंटाघरानंतर लोखंडी जिना, पायऱ्यांमधून खालचं दिसतं. उंचीची भीती असणारे इथेच अडकतात. वरचा सज्जा साधारण 97 मीटरवर. टोक 157 वर, तिथे कोणी सोडत नाही. जाळी आहे, फोन जाळीला टेकवून फोटो काढा, नाहीतर फोकस तारांवर बसतो. कळस सगळा नक्षीदार जाळीचा, वारा आरपार जातो, जॅकेट न्या.

उंटावरचा: सिंहगड चढणाऱ्याला काय त्याचं 😄

चकली_भाजणी: सिंहगडावर पिठलं-भाकरी मिळते!

नवा_गडी: इतका काळा का आहे? धूर?

दगडफोड्या: काजळी आहेच, पण मुद्दा दगडाचा. 1248 ला सुरुवात, सोळाव्या शतकात काम थांबलं, 1880 ला पूर्ण. जुना भाग ड्राखेनफेल्स टेकडीच्या ट्रॅकाइटचा, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचा. एकोणिसाव्या शतकात श्लाइटडोर्फचा वालुकाश्म वापरला. त्यात कण धरून ठेवतो तो चुना. गंधकाचं आम्ल लागलं की चुन्याचं जिप्सम होतं, काळी खपली धरते, मग नक्षी ढासळते. म्हणून कुठे ना कुठे परांची दिसणारच. 'परांची नसताना जाऊ' म्हणणाऱ्यांनी घरीच बसावं.

मीठभाकर: जर्मनीतल्याच उल्मच्या चर्चचा मनोरा याहून उंच ना?

दगडफोड्या: हो, 161.5. पण तिथे बिशपची गादी नाही, म्हणून कॅथेड्रल नाही.

नवा_गडी: सासूबाई सोबत आहेत, गुडघेदुखी. काय करू?

राईनकाठ: त्यांना वर नेऊ नका, उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो. आत तीन राजांची (बाळ येशूला भेटायला आलेले, बायबलमधले) सोन्याने मढवलेली पेटी आहे, आणि दक्षिणेला चित्रकार गेरहार्ड रिश्टरची 2007 ची खिडकी, 72 रंगांचे काचेचे चौकोन. ऊन असेल तर दुपारी बसवा. आत थंड असतं, शाल द्या.

चकली_भाजणी: आणि जावयाला वर एकट्याला जाऊ द्या 😜