निलगिरीचा काढा आणि गाजरगवत

तणवैरी: 'निलगिरीचा पाला उकळा, काढा फवारा, गाजरगवत मुळासकट जातं' ही पोस्ट पुन्हा फिरतेय. जात नाही! काढा लागला तेवढं पान करपतं. तो मुळापर्यंत उतरतच नाही. मोठं झाड बुंध्यातून पुन्हा फुटतं. आणि उघड्या पातेल्यात उकळलात की कामाचं तेल वाफेबरोबर गेलं, उरलं तपकिरी पाणी.

हिरवळ: 'मुळासकट' चुकलं, मान्य. म्हणून सगळेच अर्क टाकाऊ? ज्वारीची वाळलेली धाटं २ सेंमी कापा, किलोला १० लिटर पाणी, २४ तास भिजवा, गाळून विसाव्या हिश्शापर्यंत आटवा. गव्हात दोन फवारण्यांनी तण बरंच घटतं.

तणवैरी: १० लिटरचं अर्धा लिटर! सरपण कोण मोजणार? आणि 'घटतं' म्हणजे संपत नाही.

काटेकोर: आटवणं राहू द्या. त्याच पोस्टमध्ये 'मूठभर मीठ घाला' लिहिलंय, ते कुणाला खटकलं नाही? जाळतं मीठ, श्रेय काढ्याला. मीठ कुजत नाही. सोडियमने मातीचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही.

हिरवळ: फरशीच्या फटीत टाकलं तर काय बिघडतं?

काटेकोर: फटीतलं पाणी वाफ्यातच उतरतं ना!

पानदेठ: मग व्हिनेगर घ्या. ५ टक्क्यांचं फक्त २-४ पानांच्या रोपाला, कडक उन्हात. २० टक्क्यांचं जोरकस, पण डोळ्यात उडालं तर इजा होते, चष्मा हवाच. पानाला चिकटावं म्हणून अंगाचा साबण किसून घालू नका, आम्लात तो फुटतो, पांढरा साका धरतो नि नोझल तुंबतं. भांड्यांचं लिक्विड चालतं, लिटरला चमचाभर.

हिरवळ: तणवैरींना अर्कांचं एवढं वावडं, पण मक्यात फवारतात ते तणनाशक मेसोट्रायोन आलं कुठून? १९७७ मध्ये बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी दिसलं, त्या झाडातल्या लेप्टोस्पर्मोन या द्रव्यावरूनच.

तणवैरी: रेणू बदलून, प्रयोगशाळेत. झाड निर्दोष आहे हो, पातेलं दोषी आहे. घ्या, एवढं दिलं तुम्हाला. पण गाजरगवत फुलोऱ्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून उपटा. त्याने त्वचेला ॲलर्जी होते. एका झाडाला १५ हजारांवर बी धरू शकतं. फुलल्यावर काढा शिंपडून काय होणार?

हिरवळ: एकर-दोन एकर उपटून दाखवा, मग बोलू.

काटेकोर: आणि मीठ? त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.