मदत हवी आहे: फायबरच्या टोकाने वॉटर हॅमरचा दाब मोजताना बुडबुडे कसे टाळायचे?

नमस्कार मंडळी. पाण्याच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की बसणारा दाबाचा तडाखा, म्हणजेच वॉटर हॅमर, मला प्रकाशाने मोजायचा आहे. लॅबमधला स्टीलचा पाइप 12 मीटर लांब आहे आणि पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर. पाण्यातल्या दाबलहरीचा वेग सेकंदाला 1200 मीटर धरला तर झुकोव्स्कीच्या सूत्राने (घनता × लहरीचा वेग × पाण्याचा वेग) दाब 2.4 मेगापास्कलने उसळायला हवा. पाइपवर ट्रान्सड्यूसर (दाबाचा विद्युत सिग्नल करणारा सेन्सर) आहे, पण त्याचं कॅलिब्रेशन डेडवेट टेस्टरवर, म्हणजे ठरावीक वजनं ठेवून दिलेल्या स्थिर दाबाला झालेलं. क्षणात चढणाऱ्या दाबालाही तो तितकाच खरा आहे का, हे पडताळायला वेगळ्या तत्त्वावरची मोजणी हवी.

सिंगल मोड फायबरचं (प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूचं) सरळ कापलेलं टोक पाण्यात सोडलं आहे. 1310 नॅनोमीटरचा 1 मिलिवॉटचा लेझर, 2×2 कपलर (प्रकाश दोन वाटांत विभागणारा, चार टोकांचा जोड), आणि परतणारा प्रकाश फोटोडायोडवर. काच आणि पाण्याच्या सीमेवरून जेमतेम 0.2 टक्के प्रकाश परततो. दाब वाढला की पाण्याचा अपवर्तनांक मेगापास्कलमागे साधारण 0.00014 ने वाढतो, काचेच्या जवळ सरकतो, आणि परतणारा प्रकाश 0.23 टक्क्यांनी घटतो. डायोडवर पोचतो अर्धा मायक्रोवॉट, त्यातला फरक मेगापास्कलमागे सुमारे एक नॅनोवॉट. लेझर 0.1 टक्का जरी हलला तरी 0.4 मेगापास्कलचा खोटा दाब दिसतो. पाणी एक अंशाने तापलं तर 0.7 चा, पण ते सावकाश होतं, वजा करता येतं.

खरा त्रास बुडबुड्यांचा. लहर टाकीकडून परतली की दाब कोसळतो आणि टोकावर बुडबुडा धरतो. काच आणि हवेच्या सीमेवरून 3.4 टक्के प्रकाश परततो, त्यामुळे सिग्नल एकदम सोळापट उडतो, अॅम्प्लिफायर सॅच्युरेट होतो, आणि नंतरही रेघ मूळ जागी येत नाही.

की हे सोडून जर्मनीच्या पीटीबीसारखं (तिथली राष्ट्रीय मापनसंस्था) लेझर व्हायब्रोमीटरकडे, म्हणजे लेझरच्या व्यतिकरणाने सूक्ष्म बदल टिपणाऱ्या उपकरणाकडे, वळू? तिथे द्रवातून आरपार किरण नेऊन अपवर्तनांकातला बदल मोजतात. 50 मिलिमीटरच्या मार्गात मेगापास्कलमागे प्रकाशमार्गात 7 मायक्रोमीटरचा फरक पडतो, म्हणजे लाल हेलियम-निऑन लेझरला 11 फ्रिंज (व्यतिकरणाचे पट्टे). संवेदनशीलतेचा मोह पडतो, पण आमचा पाइप तडाख्याने चांगलाच थरथरतो. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

फायबर सोडू नका. थरथरत्या पाइपवर काचेच्या खिडक्या बसवल्या तर त्यांची हालचालही तुमच्या 11 फ्रिंजमध्ये मिसळेल. वजन आदळून दाब देणाऱ्या छोट्या, भक्कम चेंबरला ती पद्धत शोभते.

कपलरचं चौथं टोक मोकळं असेल तर तिथे तिरक्या कनेक्टरने (म्हणजे तिथून प्रकाश उलट परतणार नाही) दुसरा डायोड लावा आणि दोन्हींचं गुणोत्तर नोंदवा. लेझरचं हलणं बरंचसं निघून जाईल.

बुडबुड्यांचं म्हणाल तर ट्रान्सड्यूसर पडताळायला तुम्हाला पहिला चढ पुरे आहे. व्हॉल्व्हपाशी तो 2L/c (L पाइपची लांबी, c लहरीचा वेग), म्हणजे 20 मिलिसेकंद टिकतो. लहर त्यानंतर परतते. तरी आधीच्या चाचणीचा बुडबुडा चिकटून राहतोच, म्हणून दर वेळी व्हॉल्व्ह बंद करण्याआधीची पातळी बघा. ती नेहमीच्या 0.2 टक्क्यांवर नसेल तर ती चाचणी धरू नका. पाणी व्हॅक्यूमखाली ठेवून हवा काढा. वेग 0.5 मीटरवर आणलात तर उसळी 0.6 मेगापास्कलच राहील. मग लाइनचा दाब 7 बार ठेवला की उलट्या झोक्यातही पाण्याची वाफ होणार नाही. सिग्नल लहान होईल, पण बऱ्याच चाचण्यांची सरासरी घेता येईल.

एक खबरदारी: कुणी पाण्याऐवजी हायड्रॉलिक तेल सुचवलं तर या टोकासाठी घेऊ नका. त्याचा अपवर्तनांक काचेच्या इतका जवळ असतो की परतणारा प्रकाश जवळजवळ नाहीसाच होतो. शिवाय अचानक दाबल्यावर तेल पाण्यापेक्षा बरंच जास्त तापतं. पाण्यात ही वाढ मेगापास्कलमागे अंशाचा पन्नासावा भाग, म्हणजे फार तर टक्काभर दुरुस्ती.

पुढच्या चाचणीचा ग्राफ इथे टाका, दोन्ही डायोडचा वेगवेगळा.