जुन्या घरात बाथरूम कुठल्या पद्धतीचं करावं?

डिचोलीकर:
आमचं घर जुनं, चिऱ्यांचं. न्हाणी आणि संडास मागे, अंगण ओलांडून. आईचे गुडघे गेलेत आणि जून ते सप्टेंबर रात्री पावसात तिला मागे न्यायचं म्हणजे मला धडकीच भरते. म्हणून आतली कोठीची खोली, पाच बाय आठ फूट, बाथरूमला घेतोय. मेस्त्री म्हणतो काचेचं क्युबिकल आणि भिंतीला टांगलेला कमोड कर, भाऊ म्हणतो संडास-न्हाणी वेगळी कर, काका म्हणतात इंडियनच बसव. काय करू?

मडगावचा_इंजिनियर:
आईसाठी करताय ना, मग वेस्टर्नच, आणि एकच खोली ठेवा. पाच बाय आठमध्ये मधे भिंत घातलीत तर वॉकर वळणार नाही आणि हात धरून बरोबर माणूस उभा राहणार नाही. काच नकोच, आंघोळीच्या कोपऱ्याला पडदा लावा, जमिनीला फुटाला पाव इंच उतार द्या आणि उंबरा ठेवूच नका. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं हो. टांगलेल्या कमोडला भिंत कोरून लोखंडी फ्रेम बसवावी लागते, चिऱ्याची भिंत घराचं वजन पेलते, तिला कशाला हात लावायचा. जमिनीवरचा घ्या, सीटसकट सतरा-अठरा इंच उंच, शेजारी पकडायला स्टीलचा दांडा. टाइल्स मॅट अँटीस्किड. आणि कमोड पी ट्रॅपचा (पाइप मागे भिंतीतून जातो) की एस ट्रॅपचा (पाइप खाली जमिनीतून जातो) ते प्लंबरबरोबर आधी ठरवा.

फोंड्याची_माई:
मागची न्हाणी मोडू नका हो! तरण्या माणसांनी तिकडेच आंघोळ करावी, चुलीवरचं पाणीही तिथंच तापतं. काकांचा इंडियन संडास तिकडेच राहू दे, सगळं एका खोलीत कोंबायची गरज नाही. आणि कोठीच्या खोलीला खिडकी आहे का? नसेल तर एक्झॉस्ट फॅन लावाच, पावसाळ्यात भिंती आधीच ओल्या असतात, वरून गरम पाण्याची वाफ म्हणजे आठ दिवसात बुरशी.

माडाखाली:
सगळे टाइल्सवर बोलतायत, सेप्टिक टँकचं काय? चिऱ्याच्या दगडाला भोकं असतात, पाणी झटकन झिरपतं आणि पावसात विहिरीचं पाणी वर येतं. सोकपिट, म्हणजे टँकातलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, विहिरीपासून निदान 18 मीटर लांब हवा, शेजाऱ्याची विहीर पण मोजा. आंघोळीचं पाणी टँकात सोडू नका, वेगळी लाइन काढून माडांना द्या. टँकात फक्त कमोडचं.

डिचोलीकर:
माई, खिडकी आहे, लहान आहे, वरती फॅन बसेल. विहीर मात्र टँकच्या जागेपासून तितकी लांब नाही वाटत, उद्या सकाळी टेप घेऊन मोजतो. कमी भरलं तर टँक रस्त्याच्या बाजूला घेऊ, पाइप लांब गेला तर उतार मिळेल ना?

मडगावचा_इंजिनियर:
मिळेल, पण वळणावर चेंबर (पाइप उघडून साफ करायला झाकणाचा खड्डा) ठेवा, म्हणजे तुंबलं तर खोदावं लागणार नाही.