पुरात दुकान गेलेल्याला रविवारी साक्ष द्यायला उभं करायचं का?

शाहूपुरीचा सभासद
कोल्हापुरातल्या पुराबद्दल काल इथं पोस्ट आली, की रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं (चर्चच्या लोकांपुढं) सांगायचं: "हानी हा आशीर्वादच. रोमकरांस ८:२८ वाचा. येत्या रविवारी प्रत्येक पूरग्रस्त कुटुंबाने उभं राहून या नुकसानीतून प्रभूने काय चांगलं केलं ते तीन मिनिटांत सांगावं. ज्याला चांगलं दिसत नाही त्याने आपला विश्वास तपासावा."

शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना. ८:२८ म्हणतं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. पण त्याच्या आधी पौल काय लिहितो? वचन २२ मध्ये सृष्टी कण्हते, २३ मध्ये आपण कण्हतो, २६ मध्ये आत्मासुद्धा कण्हतो. एवढं कण्हणं झाल्यावर २८ येतं. आणि ते कल्याण कोणतं, हे २९ मध्ये आहे: पुत्राच्या प्रतिरूपासारखं होणं. बुडालेल्या दुकानाच्या जागी मोठं दुकान मिळेल असं तिथं कुठंही नाही. पूर चांगला, असंही नाही. देव वाईटातूनसुद्धा काम करतो, एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

योसेफाचं नाव घ्याल म्हणून आधीच लिहितो. सतराव्या वर्षी भावांनी त्याला विकलं, तिसाव्या वर्षी तो मिसरच्या राजापुढं, फारोपुढं उभा राहिला. मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन, मग त्याचा बाप याकोब मिसरात आला आणि तिथं सतरा वर्षं जगला. उत्पत्ती ५०:२० मधलं "देवाने ते चांगल्यासाठी योजलं" हे वाक्य बाप वारल्यानंतरचं आहे. हिशोब केला तर विकला गेल्यापासून एकोणचाळीस वर्षं. तेही तो स्वतः बोलला, आणि "तुम्ही माझं वाईट योजलं" हे आधी बोलला. आपण मात्र सुतारवाड्यातल्या घरातला चिखल निघायच्या आत माइक पुढं करणार!

राजारामपुरीतून
दादा, एकोणचाळीस वर्षं मोजलीत, मग ईयोब १:२१ का सोडलंत? "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे तो त्याच दिवशी बोलला. गुरं गेली, चाकर मेले, दहा लेकरं गेली, आणि त्याच दिवशी दंडवत घातलं. प्रेषितांची कृत्ये १६ बघा: पाठीवर फटक्यांचे वळ ताजे, पाय खोड्यात, आणि मध्यरात्री पौल-सीला गाणी गातायत. "माझ्यावर जे आलं त्यातून सुवार्ता पुढंच गेली" हे फिलिप्पैकरांस १:१२ पौलाने कैदेतूनच लिहिलंय, सुटल्यावर नाही.

दुःखात बसलेल्या माणसाला आशा उशिरा द्यायची हे कुठल्या वचनात आहे? साक्ष ऐकून शेजारच्या बाकावरचा दुसरा पूरग्रस्त उभा राहतो, त्याचं काय? पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळात गेले, १८८२ ला नवरा गेला. त्या हानीतूनच निराधार मुली-बायकांसाठीचं केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ना?

मिरजेची ताई
ईयोब त्या दिवशी जे बोलला ते कुणी विचारल्यावर बोलला नाही. "झालं ते बरं झालं" असंही म्हणाला नाही. तिसऱ्या अध्यायात तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. ४२:७ मध्ये देवाचा राग त्या मित्रांवर आहे, ईयोबावर नाही.

रमाबाईंचं म्हणाल तर १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि आधी छप्पर दिलं, जेवण दिलं, शिक्षण दिलं.

विमा क्लेमची कामं करणारा
साक्ष राहू द्या, पंचनामा झाला का? पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या खाली आली की सगळे पाइप लावून दुकान धुतात आणि पुरावाच धुऊन टाकतात.

आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची रेघ, शटर आणि पाटी एका चौकटीत, मग रॅकनुसार माल. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर घ्या. सर्वेअर (नुकसान मोजायला विमा कंपनी पाठवते तो माणूस) येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका, सुका-ओला वेगळा करा. सरकारी पंचनाम्याची प्रत मागून घ्या. खरेदीची बिलं भिजली असतील तर पुरवठादाराकडून दुसरी प्रत आणा, जीएसटी पोर्टलवर २बी नावाच्या विवरणात (जीएसटीआर-२बी) पुरवठादारांनी दाखवलेली खरेदी दिसते तीही काढा. कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँकेचं खेळतं कर्ज) असेल तर पॉलिसी बहुधा बँकेतच पडलेली असते, तिथून झेरॉक्स घ्या.

सगळ्यात जास्त लोक इथं अडकतात: माल दहा लाखांचा आणि विमा पाचचा. नुकसान चार लाख झालं तर हातात दोनच येतात. कमी रकमेचा विमा म्हणजे भरपाईही त्याच प्रमाणात कमी.

राजारामपुरीतून
हा विश्वासाचा धागा आहे. इथं देवाच्या योजनेवर बोलणं चाललंय आणि तुम्ही बिलांच्या झेरॉक्स कुठं आणताय?

विमा क्लेमची कामं करणारा
नव्या करारातलं याकोबाचं पत्र २:१५-१६ वाचा. भाऊबहीण उघडे आहेत, त्यांना रोजचं अन्न नाही, आणि तुम्ही "सुखाने जा, ऊब घ्या" एवढंच म्हणता, तर काय उपयोग? मंडळीत शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, अकाउंटवाले आहेत. एका घरामागं दोन माणसं बसली तर एका संध्याकाळी फाइल तयार होते. प्रार्थनेला तीस जण येतात आणि फॉर्म भरायला एकही थांबत नाही, याची मला खरोखर चीड येते.

शाहूपुरीचा सभासद
आणि उपासनेत स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा "कोठवर?", पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. सगळ्या मंडळीने मिळून वाचायचं, म्हणजे कुणाला एकट्याला उभं राहावं लागत नाही. आणि ज्याला पाचव्या वचनापर्यंत पोचता येत नाही त्याच्यासाठी स्तोत्र ८८ आहे, ते अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रच आहे.

राजारामपुरीतून
स्तोत्र १३ ला माझी हरकत नाही. "विश्वास तपासावा" हे वाक्य चुकीचं होतं, तेवढं मान्य. फॉर्मसाठी माणसं हवीत हेही मान्य. पण साक्षीची वेळ काढून टाकायला मी तयार नाही. ज्याला बोलायचंय त्याला का अडवायचं?

मिरजेची ताई
अडवत कुणीच नाही. नावांची यादी करू नका आणि तीन मिनिटांचं घड्याळ लावू नका. पाळकसाहेबांनी "कुणाला बोलायचंय का?" असं विचारावं, आणि कुणीच उठलं नाही तर सरळ पुढचं गीत घ्यावं.

राजारामपुरीतून
कुणीच उठणार नाही मग.

मिरजेची ताई
तर नाही उठणार.