दादाच्या वह्या, दोर आणि पिसं: कोणाला काय द्यावं?

रामबागवाली (इंदूर):

जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचा दादा मागच्या महिन्यात गेला. सख्खा नव्हे, पण रामबागेत त्यांच्या जिन्यात खेळूनच मी मोठी झाले. त्याचं वय ४४. सकाळी दुधाच्या पिशव्या आणून ओट्यावर ठेवल्या, वहिनीला म्हणाला "आज आलं जास्त घाल", आणि तिथंच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तो वन्यजीव-अभ्यासक होता. काम खरमोर या पक्ष्यावर, म्हणजे तुमच्याकडे महाराष्ट्रात तणमोर म्हणतात त्यावर. पाऊस सुरू झाला की सैलाना आणि सरदारपूरच्या माळांवर मुक्काम, उन्हाळ्यात हिमालय, आणि मधल्या रविवारी आम्हा चार-पाच जणांना घेऊन चढाईला इंदूरजवळचं पाताळपाणी, कजलीगड, जानापाव. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून शिकून आलेला. पण शिखरांच्या गप्पा त्याच्याकडून फारशा ऐकल्या नाहीत. ऐकल्या त्या दोराच्या गाठींच्या. चढायच्या आधी त्यानं माझी गाठ बघायची, मग मी त्याची. पंधरा फुटी दगड असला तरी यात सूट नाही. "भिया, दगडाला थोडीच कळतं आपण सरावाला आलोय ते," म्हणायचा. पोह्यांवर घालायचं जीरावण औषधाच्या डबीत भरून प्रत्येक कॅम्पला न्यायचा आणि कुणी मागितलं तर मोजून द्यायचा. कंजूष होता त्या बाबतीत.

तेराव्याला आलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी मला ऐकवलं, "डोंगरावर गेला असता तर एक वेळ समजलं असतं." काय समजलं असतं? एका दूरच्या काकांनी तर "पक्ष्यांमागे फिरून काय मिळवलं" हेही वहिनीसमोरच विचारून घेतलं. असो.

आता मूळ प्रश्न. वहिनीनं आवराआवरीचं काम माझ्यावर टाकलंय. काकूंना (त्याच्या आईला) घरातलं सामान बघवत नाही, "लवकर कुणाच्या तरी कामी येऊ दे" म्हणतात. एक लोखंडी ट्रंक भरून वह्या आहेत, सगळ्या पेन्सिलीनं लिहिलेल्या, अर्ध्या मराठी, अर्ध्या हिंदी. नमुन्याला एक ओळ देते: "काळा, बांधाजवळ, उ ११/१५, गाय आली, थांबला." मधे मधे समासात गोल काढून आत टिंब दिलंय. मला यातलं काही लागत नाही. काही पानं एकमेकांना चिकटलीत. दोन दोर आहेत, हार्नेस (चढताना कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट, बूट, बर्फाची कुऱ्हाड. चढाईच्या क्लबची पोरं दोर मागताहेत, काकू द्यायला तयार आहेत. एका पाकिटात दोन पिसं सापडली, रिबिनीसारखी बारीक, टोकाशी चपटी. काकूंना ती फोटोच्या फ्रेममध्ये लावायचीत. आणि नातेवाइकांनी ठरवलंय की त्याच्या नावानं सैलान्याच्या "रिकाम्या" माळावर ४४ झाडं लावायची. या शेवटच्या गोष्टीनं माझ्या पोटात कालवाकालव होतेय, पण का ते मला नीट सांगता येत नाहीये.

कुणी अशातून गेलं असेल तर सांगा.

माळढोक_ते_तणमोर:

ताई, तुमचा दादा कोण हे मला पहिल्या परिच्छेदातच कळलं. नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका इथे. एका पावसाळ्यात सैलान्याला आम्ही एकाच खोलीत राहिलो होतो. ती जीरावणाची डबी मी चोरली होती एकदा, दोन दिवस बोलला नाही.

आधी झाडांचं. कृपा करून थांबवा. तणमोर हा गवताचा पक्षी आहे. नर कमरेएवढ्या गवतातून सरळ वर उसळतो, पंख फडफडवतो, बेडकासारखा टरटर आवाज करतो आणि परत गवतात दिसेनासा होतो. विणीच्या दिवसांत एक नर दिवसात शेकड्यानं अशा उड्या मारतो. मादीनं लांबून बघावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. त्या माळावर झाडं आली की उडी झाकली जाते, आणि शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात. सैलाना आणि सरदारपूर ही दोन्ही अभयारण्यं १९८३ साली याच पक्ष्यासाठी झाली. तरी सरकारी कागदांवर गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक दिसली की कुणीतरी रोपं घेऊन हजर. देशभरात १९९९ च्या अंदाजाशी ताडून पाहिलं तर २०१८ पर्यंत हा पक्षी साधारण ८० टक्क्यांनी घटला. २०२१ पासून तो आययूसीएन या जागतिक संस्थेच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मध्य प्रदेशात तर आता एखादा दिसला तरी फोनाफोनी होते. तुमच्या दादानं आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध अर्ज लिहिले तेच त्याच्या नावानं करायचं? नातेवाइकांना झाडं लावायचीच असतील तर रामबागेत लावा, शाळेत लावा.

"उ ११/१५" म्हणजे १५ मिनिटांत ११ उड्या. "काळा" म्हणजे पूर्ण विणीच्या पिसाऱ्यातला नर. उडी थांबण्याचं कारण तो नेहमी लिहायचा: गाय, कुत्रा, मोटरसायकल, एकदा तर चक्क वरात. आम्ही बाकीचे आकडे लिहून मोकळे व्हायचो. गोलातलं टिंब मात्र मला माहीत नाही. ते मामांना विचारा. मामा म्हणजे त्याच्याबरोबर माळ तुडवणारे भिल्ल गृहस्थ, सैलान्याजवळच्या पाड्यावर राहतात. त्यांचा नंबर दादाच्या फोनमध्ये "मामा माळ" असा असेल.

वह्यांचं खरं कुलूप तिथे आहे. कागद अजून वीस वर्षं टिकेल हो, पण ती चिन्हं वाचणारी माणसं मोजकी आणि मामा सत्तरीला आलेत. पाऊस लागायच्या आत वह्या घेऊन त्यांच्याकडे जा आणि त्यांना बोलू द्या, रेकॉर्ड करून घ्या.

आता पिसं. तुमच्या वर्णनावरून ती नराच्या डोक्यामागची शेंडीची पिसं आहेत. हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचं पीससुद्धा फ्रेममध्ये लावून ठेवता येत नाही. त्याच्या फायलींत संशोधनाच्या परवानगीची पत्रं असतील, ती आधी शोधा. मग एक साधा अर्ज लिहून वन विभागाच्या कार्यालयात पिसं जमा करा आणि पोच घ्या. कायद्यात अशी वस्तू हाती आल्यापासून ४८ तासांत कळवायचं म्हटलंय, तेव्हा रेंगाळू नका. काकूंना फ्रेमसाठी त्याच पिसांचा मोठा फोटो काढून द्या.

दोर_आणि_गाठ:

मी इंदूरचाच, पोरांना चढाई शिकवतो. तुमचा दादा मला ज्येष्ठ, त्याच्यामुळे मी शिकवायला लागलो. क्लबच्या पोरांना मी आजच ओरडतो.

दोर द्यायचे नाहीत. दोराच्या टोकाला चिकटपट्टीखाली बनवल्याचं साल लिहिलेलं असतं, ते बघा. नायलॉन नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. बहुतेक कंपन्या न वापरलेल्या दोरालाही बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, वापरलेल्याला त्याहून बरीच कमी. साल नवं निघालं तरी त्यावर कोण किती वेळा पडलं, कुठल्या धारेवर घासला, हे दादाला माहीत होतं, आपल्याला नाही. हार्नेस आणि पट्ट्यांचंही तेच, हेल्मेटचंही.

दोर नुसते कचऱ्यात टाकू नका, कुणीतरी उचलून वापरेल. दीड-दोन मीटरचे तुकडे करा. गाठी शिकायला उत्तम, मी घेऊन जाईन. कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) आणि बाकी धातूचं सामान तपासून चालू शकतं: गेट आपोआप बंद होतंय का, दोरानं खाच पडलीय का, चीर आहे का. कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे खिळे) चांगले असतील तर कोर्सला जाणाऱ्या एखाद्या गरजू मुलीला द्या, ही सामग्री महाग पडते. बूट वाकवून बघा. कपाटात राहिले की तळाचा फेस भुगा होऊन सुटतो, वरून चकाचक दिसतात आणि बर्फात तळ गळून पडतो.

"डोंगरावर गेला असता तर" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा. ज्या माणसानं ढग बघून वरच्या कॅम्पवरून आख्खी तुकडी परत आणली, तीही कुणाचं तोंड न बघता, त्याला डोंगरावर मरायची हौस नव्हती.

वाचनखूण:

मी ग्रंथालयात काम करते, जुनी कागदपत्रं हाताळते, म्हणून थोडं.

चिकटलेली पानं ओढू नका. सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात वही उभी उघडी ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको. टाचण्या, क्लिपा असतील तर काढा, गंजतात. खिडकीच्या उजेडात फ्लॅश न वापरता प्रत्येक पानाचा फोटो, कोरं पानही सोडायचं नाही. फायलीचं नाव वहीचं साल आणि पान क्रमांक असं ठेवा, मग दोन वेगळ्या जागी प्रत. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे, आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेमध्ये भारतातल्या जीवशास्त्रज्ञांची कागदपत्रं जपणारं अभिलेखागार आहे. दोन्हीकडे विचारा. देताना कुणाला काय बघता येईल हे लेखी ठरवा. त्या वह्यांत घरट्यांच्या नेमक्या जागा असणार, कुणाच्या शेतात काय घडलं तेही असणार. म्हणून पानांचे फोटो फेसबुकवर टाकू नका, कितीही भरून आलं तरी.

आणि वहिनींना सांगा, त्याच्या फोनचं सिम एवढ्यात बंद करू नका. सगळे ओटीपी तिथेच येतात.

टूडी_इको:

मी डॉक्टर आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितोय.

चाळिशीच्या आसपास माणूस असा उभ्या उभ्या गेला तर बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा निघतो. पण काहींमध्ये हृदयाचा स्नायू जन्मजात दोषानं जाड झालेला असतो, काहींच्या विद्युत-लयीत दोष असतो, आणि हे आजार घराण्यात चालतात. स्नायू जाड होण्याच्या आजारात मुलाकडे त्यामागचा जनुकीय दोष येण्याची शक्यता साधारण निम्मी असते. शवविच्छेदन झालं असेल तर अहवाल जपून ठेवा. झालं असो वा नसो, त्याच्या मुलांची आणि सख्ख्या भावंडांची ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. आई-वडिलांचीही. मुलं लहान असतील तर एकदा करून भागत नाही, वयात येताना पुन्हा पुन्हा करावं लागतं. फिट असणं आणि हा दोष असणं दोन्ही एकाच माणसात सुखानं नांदतात.

काकू डोंगरांना दोष देत असतील तर त्यांना सांगा, उंचीवरचा त्रास उंचीवरच होतो आणि खाली आलं की उतरतो. महिन्यांनंतर स्वयंपाकघरात तो गाठत नाही.

रामबागवाली:

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर वहिनीला वाचून दाखवलं. लेकीची आणि धाकट्या भावाची तपासणी याच आठवड्यात आहे. काकू "डोंगरानं नेला" म्हणायच्या, कालपासून म्हणाल्या नाहीत. पटलं की नुसत्या थकल्या, कोण जाणे.

झाडांवरून घरात वाजलं. काका म्हणाले, "झाडाला कोण विरोध करतं?" मी वहीतलं एक पान काढून दाखवलं. त्यानं तिथं रोपवनाच्या खड्ड्यांची रांग काढलीय आणि शेजारी लिहिलंय, "इथे मागच्या वर्षी दोन काळे. यंदा शून्य." काका गप्प बसले, पण चेहऱ्यावरून हार मानलेली दिसत नाही. माळाचा नाद तरी सुटलाय, आता वडाचं एक रोप रामबागेच्या कोपऱ्यावर लावायचं चाललंय. लावू देत.

पिसं जमा केली, परवानगीचं पत्र फायलीत सापडलं, पोच घेतली. तिथल्या बाबूंना पीस कशाचं हेच माहीत नव्हतं, मीच सांगत बसले.

मामांना फोन लागला. दादा गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. माझ्याकडूनच कळलं. बराच वेळ नुसता बकऱ्यांचा आवाज येत होता. मग त्यांनीच विचारलं, "किताबां किसके पास हैं?" गोलातल्या टिंबाचं विचारलं तर लगेच म्हणाले, ते टिंब म्हणजे पक्षी मामांनी पाहिला, दादानं नाही. दादा पोचेपर्यंत उडून गेला, किंवा दादा दुसऱ्या माळावर होता. काही वह्यांत दर दोन-तीन पानांमागे टिंब आहे. म्हणजे नोंदी भरताना निरीक्षक म्हणून तिथं मामांचं नाव यायला हवं. वाचनखूण ताई, अभिलेखागाराला देताना हे कसं लिहून द्यायचं, मसुदा कराल का?

माळढोकभाऊ, पुढच्या रविवारी पहाटे निघतोय सैलान्याला. मी, वहिनी आणि ट्रंक. मागच्या सीटवर एक जागा आहे. चिन्हं वाचणारं आणखी कुणी बरोबर असेल तर बरं. जीरावण तुमचं तुम्ही आणा.